फुलोऱ्यातली दोरी

दोरी ओढायला दोन माणसं लागतात. एक या बांधावर, एक त्या बांधावर, मध्ये भाताचं खाचर. दोरी लोंब्यांच्या शेंड्यांना घासत जायला हवी, तरच नराच्या ओळींतला पराग उडतो आणि शेजारच्या मादीच्या ओळींवर पडतो. भाताचं फूल उन्हं वर आल्यावर उघडतं, घटकाभर उघडं राहतं, आणि मिटतं ते कायमचं. तेवढ्या वेळात दोरी फिरली तर दाणा, नाही तर नुसतं फोलपट.

त्या सकाळी दुसरं माणूस नव्हतं. नेहमी पलीकडचं टोक धरणाऱ्या पाणीवाल्या काकांची कंबर धरली होती आणि ते शेडमधल्या बाकावर आडवे पडून छपराशी बोलत होते. म्हणून आत्यानं पलीकडचं टोक दिलं ते

मावशीच्या हातात. जी तिच्या हातातून पोर न्यायला आली होती, तिच्याच.

पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही.

*

(थोडं मागचं)

आत्या म्हणजे भिंगरीची आत्या. भात संशोधन केंद्रात ती नवी वाणं तयार करायचं काम करायची आणि केंद्राच्याच वसाहतीत दोन खोल्यांत राहायची. त्या खोल्यांत घर कुठे संपतं आणि काम कुठे सुरू होतं हे कुणाला सांगता आलं नसतं. फ्रिजमध्ये दुधाशेजारी परागाच्या काचपट्ट्या. खिडकीत वाळत टाकलेल्या फ्रॉकांखाली बियाण्याच्या कागदी पिशव्या.

भिंगरी ही तिच्या भावाची मुलगी. भाऊ मालवाहू जहाजावर. वहिनी तापानं गेली तेव्हा पोरीला धड चालताही येत नव्हतं. भावानं तिला बहिणीच्या कडेवर दिलं ते "पुढच्या फेरीनंतर बघू" म्हणून. फेऱ्या काही संपल्या नाहीत. आत्याला तेव्हा दुधाची बाटली कशी उकळतात हेही माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या उकळायची तशीच तिनं ती उकळली, घड्याळ लावून, चिमट्यानं धरून. पोर जगली. चालायला लागली, मग धावायला लागली, मग थांबेचना. म्हणून भिंगरी.

आता ती तिसरीत होती आणि वेणी घालून घेताना सुद्धा एका पायावर नाचत असे.

*

(वेणी)

"हलू नकोस."

"मी नाही हलत, केस हलतात. आत्या, तू दिवसभर शेतात काय बघतेस गं?"

"बाळ का होत नाही ते."

"कुणाला?"

"भाताला. हलू नकोस म्हटलं ना."

"का नाही होत?"

"बघ, प्रत्येक पेशीत छोट्या छोट्या भट्ट्या असतात. भाताच्या, तुझ्या, माझ्या. खाल्लेल्याची ताकद तिथे होते. कशी? आग लागली की माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तशी रांग. याच्या हातातून त्याच्या हातात, त्याच्या हातातून पुढच्याच्या. शेवटच्यानं बादली घेतली की रांग चालू. त्यानं हात आखडला की सगळे तिथेच उभे, बादल्या धरून."

"मग?"

"मग त्या भट्टीत एक जनुक आहे. भट्टीचं स्वतःचं वेगळं गाठोडं असतं जनुकांचं, त्यातलं. मोठं खोडकर. पानाला काही करत नाही, मुळाला काही करत नाही. फूल येऊ दे, परागाला सगळ्यात जास्त ताकद लागू दे, की नेमकं तेव्हा जाऊन शेवटच्याचा हात धरतं."

"आणि पराग?"

"उपाशी राहतो. बाहेरून फूल अगदी छान, आत रिकामं."

भिंगरी नाचायची थांबली. हे तिच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण मानायला हवं होतं, पण आत्या भांग काढण्यात गुंतली होती.

"भट्टी येते कुठून?"

"आईकडून."

"आणि बाबांकडून?"

"एकसुद्धा नाही. सगळ्या आईच्या."

"माझ्यात पण?"

"तुझ्यात पण."

"आत्ता चालू आहेत?"

"एवढी उड्या मारतेस ती कशाच्या जिवावर?"

"आईच्या आणखी कुणात आहेत?"

"मावशीत. दोघी एकाच आईच्या ना."

"आणि तुझ्यात?"

इथे दुसरी कुणीही बाई थाप मारून मोकळी झाली असती. 'आहेत की, थोड्या' असं म्हणायला काय लागतं? पण आत्याचा सगळा जन्म कुठल्या रोपाची आई कोण हे पक्कं करण्यात गेला होता. आई कोण हे चुकलं की सगळा हंगाम वाया. त्यामुळे तिच्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं:

"नाही. माझ्यात माझ्या आईच्या."

फणी गुंत्यात अडकली. शाळेतून आल्यावर दप्तर न काढताच भिंगरीनं आत्याचा फोन उचलला.

"मावशी? तू ये. लवकर ये."

*

(मोकळी जागा)

बियाण्याच्या शेतात परका पराग येऊन पडू नये म्हणून चहूबाजूंनी जागा मोकळी सोडतात. आत्यानं घराभोवतीही तशी सोडली होती, आपल्याही नकळत. मावशीचा फोन आला की "ती अभ्यास करतेय." पुन्हा आला की "आत्ताच डोळा लागला तिचा." भांडण नव्हतं, वाकडा शब्द नव्हता. नुसती जागा.

आता पोरीनं स्वतःच बांध फोडला होता.

*

मावशी आली ती दारातूनच बोलत आली. तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि दिवसभर आरशातल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे तिला समोरच्याच्या उत्तरासाठी थांबावं लागत नसे.

"काय हो आत्याबाई, पोरीचे केस कापलेत की उंदरांनी कुरतडलेत? इकडे ये गं. अगं बाई, उंची बघा! मागच्या फोटोत एवढीशी होती. अर्थात फोटो पाठवून पण जमाना झाला म्हणा."

टोमणा आत्याला बरोबर लागला. तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

भिंगरी मात्र अजबच वागायला लागली. मावशीच्या कुशीत शिरली, ते ठीक. पण मग तिच्या पोटाला कान लावला. मग तिचा पंजा आपल्या गालावर धरून ठेवला, डोळे मिटून, पुष्कळ वेळ. मग मनगट हुंगलं.

"साबणाचा वास येतोय का गं?" मावशी म्हणाली.

"श्श," भिंगरी म्हणाली.

आत्या ओट्यापाशी उभी राहून एकच वाटी पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

पोर बाहेर खेळायला पळाल्यावर मावशीनं आवाज खाली आणला.

"आडपडदा ठेवत नाही. मी तिला न्यायला आलेय. दुकान आता मार्गी लागलंय, वर खोली आहे, खाली शाळा आहे. दाजींशी बोलले."

"काय म्हणाला?"

"तुम्ही दोघी म्हणाल तसं, म्हणाले."

"जहाजावरून त्याला सगळंच सोपं दिसतं."

"तुमचे उपकार मी विसरायची नाही. पण तिनं स्वतः बोलावलंय मला. ये म्हणाली, लवकर ये म्हणाली. लहान पोर उगाच असं म्हणत नाही, आत्याबाई. परतीची दोन तिकिटं काढूनच आलेय मी."

आत्याला बोलायचं होतं. पण काय बोलणार? पोरीला तिनंच सांगितलं होतं, वेणी घालता घालता, स्वतःच्या तोंडानं. आईचं जे काही शिल्लक आहे ते तिकडे आहे, माझ्यात नाही. पोर हुशार, तिनं बरोबर तेवढाच अर्थ काढला. आता रडायचं कुणाच्या नावानं?

*

(जे सांगितलं नव्हतं)

गोष्टीचा अर्धा भाग आत्यानं भिंगरीला सांगितलाच नव्हता.

आईच्या भट्टीतलं ते खोडकर जनुक कायमचं जिंकत नाही. बापाच्या बाजूनं दुसरं एक जनुक येतं. ते भट्टीत राहत नाही, पेशीच्या मधल्या घरात, बाकी सगळ्यांबरोबर राहतं. तिथून ते खोडकराचा निरोपच मधल्यामधे कापून टाकतं. मग शेवटच्याचा हात सुटतो, बादल्या पुढे सरकतात, पराग पोसतो आणि लोंबी भरून वाकते. खाचरातल्या मादीच्या ओळी म्हणजे रिकाम्या परागाचीच रोपं, आणि त्यांच्याशेजारी नराच्या ओळी लावतात त्या याचसाठी. पुढच्या हंगामात ते बी ज्याच्या शेतात जाईल, तिथे दाणा भरावा म्हणून.

आणि बापाच्या बाजूचं म्हणजे बापाच्या बहिणीच्याही बाजूचं.

हे सांगता आलं असतं. आत्ताही सांगता आलं असतं. पण मावशी बॅग घेऊन घरात बसलेली असताना, पोर तिच्या मनगटाला चिकटलेली असताना, 'आणि बरं का गं, माझ्या बाजूचंही एक असतं हं' असं म्हणायचं? आत्याला ते भाजीवाल्याकडे पारड्यावर बोट ठेवण्यासारखं वाटलं.

भिंगरीचे धुतलेले फ्रॉक तिनं घडी करून पलंगावर ठेवले. बॅगेत नाही, पलंगावर. तिथून पुढे ज्याचं त्यानं बघावं.

*

(आता दोरी)

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, पण फुलोऱ्याला नव्हती. आत्या निघाली, तिच्यामागे भिंगरी, आणि घरात एकटी काय करू म्हणून भिंगरीमागे मावशी, दुकानातल्याच चपला घालून. शेडपाशी पोचल्यावर काकांच्या कंबरेचं कळलं.

"मॅडम, मी उठतो," काका म्हणाले आणि उठले नाहीत.

"पडून राहा. बघते मी कुणी मिळतंय का."

कुणी मिळत नव्हतं. सगळे आपापल्या खाचरांत, सगळ्यांचीच फुलं उघडायला आलेली. आत्यानं एक कणीस हातात धरून बघितलं. टरफलं अलग व्हायला लागली होती.

"दोरीच ना?" मावशी म्हणाली. "द्या इकडे. केस विंचरण्यापेक्षा काय अवघड असणार?"

आणि गेली पलीकडच्या बांधावर, एका हातात चपला, दुसऱ्या हातात दोरीचं टोक.

पहिल्या फेरीत सगळा घोटाळा झाला. मावशी तरातरा पुढे निघाली. दोरी तिरपी झाली, एका कोपऱ्यातल्या लोंब्या मोडल्या, आत्याच्या बाजूचा पराग जागचा हललाच नाही.

"सावकाश! शर्यत नाहीये ही!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"माझ्याकडे बघत चाला!"

"तुमच्याकडे बघू की पायाखाली? साप असला म्हणजे?"

शेडमधून काकांचा आवाज आला, "मॅडम, त्यांना म्हणावं साप पाण्याच्या पाटात आहे, बांधावर नाही!"

"अगं आई गं!" मावशी किंचाळली, पण दोरी सोडली नाही. हे मात्र आत्यानं मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या फेरीला दोघी एकमेकींच्या पावलांकडे बघत निघाल्या. हिचं पाऊल, तिचं पाऊल. दोरी सरळ झाली, शेंड्यांवरून घासत गेली, आणि नराच्या ओळींतून पिवळसर धूर निघाल्यासारखा पराग उठला. क्षणभर हवेत थांबला आणि मादीच्या ओळींवर बसला.

मावशी जागीच उभी राहिली. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच," आत्या म्हणाली.

"पावडर उडवल्यासारखं दिसतं हो," मावशी म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता तिचा. "गिऱ्हाइकाच्या मानेवर उडवतो ना आम्ही, शेवटी."

आणखी एक फेरी. आणखी एक. ऊन चढलं. मावशी घामाघूम झाली, केस कपाळाला चिकटले. दम खायला दोघी थांबल्या, तेव्हा बांधावर बसून हे सगळं बघणारी भिंगरी उठली, धावत मावशीकडे गेली आणि तिचा घामेजला दंड दोन्ही हातांनी गच्च धरला.

"गरम आहे!"

"गरम नसेल तर काय? कामाला लावलंय तुझ्या आत्यानं."

"आत्याऽऽ!" भिंगरी खाचराच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडली. "चालू आहेऽऽ! मावशीतली आई चालू आहेऽऽ!"

मावशीचा हात दोरीवरून सुटला.

"काय म्हणाली ही?"

मग आत्याला ओरडून सांगावं लागलं, भाताच्या फुलोऱ्यावरून, या बांधावरून त्या बांधावर. पेशीतल्या भट्ट्या. त्या फक्त आईकडून येतात. तुमच्या आईच्या त्या तुमच्यात आणि वहिनीत, आणि वहिनीच्या त्या हिच्यात. एकच रांग आहे, तुटलेली नाही. इतकं खासगी बोलणं इतक्या मोठ्यानं तिनं जन्मात केलं नव्हतं.

मावशीनं आपलं मनगट उलटं करून बघितलं. सालटं निघालेलं, साबणपाण्यानं खरखरीत झालेलं साधं मनगट. जणू कुणी ओळखीचं तिथे राहायला होतं आणि इतकी वर्षं तिला पत्ताच नव्हता.

"ताई?" ती पुटपुटली. मग भिंगरीकडे वळली. "म्हणून ये म्हणालीस होय मला?"

"हो. बघायला. चालू आहे का बघायला. काल पोटात नीट ऐकू नाही आलं."

"आणि... माझ्याबरोबर यायचं म्हणून नाही?"

"कुठे?" भिंगरीला खरोखरच कळेना. "माझी शाळा आहे की."

मावशी हसली की काय ते पलीकडून आत्याला दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले एवढं दिसलं.

"डोळ्यात गेला गं," मावशी ओरडली. "तुझा तो पराग."

"चोळू नकोस!" आत्या ओरडली. "पाणी मार!"

*

बांधावर तिघी बसल्या. पाय पाण्यात. फुलं मिटायला अजून थोडा अवकाश होता, एक फेरी राहिली होती.

"आत्या, मग बाबांच्या बाजूचं काहीच नसतं का?" भिंगरीनं विचारलं.

आत्यानं मावशीकडे बघितलं. मग खाचराकडे.

"असतं. दाणा भरायला लागतं ते."

"म्हणजे?"

आत्यानं सांगितलं. निरोप कापणारं जनुक, सुटलेला हात, पुढे सरकलेल्या बादल्या. अगदी थोडक्यात सांगितलं, शिकवल्यासारखं, नजर पाण्यावर ठेवून.

"आणि ते तुझ्यात आहे?" भिंगरीनं विचारलं.

"भाताचं नाही. पण तुझ्या बाबांच्या घरचं जे काही आहे, ते माझ्यातही आहे. सगळं नाही, बरंचसं."

"हात् तिच्या," मावशी म्हणाली. "आणि हे काल नाही सांगितलंस? मी तिकिटं नाचवत होते तेव्हा?"

"सांगितलं असतं तर वशिला लावल्यासारखं झालं असतं."

"कुणाकडे वशिला?"

"हिच्याकडे."

मावशीनं तिच्याकडे बघितलं, आणि हसायलाच लागली. पोट धरून, पाण्यात पाय आपटत. "आत्याबाई, आत्याबाई! जिथे माणसं खोटं बोलून पोरं पळवतात, तिथे ही बाई खरं पण बोलायला तयार नाही!"

आत्याला वाटलं, आता आपणही हसावं. पण आधी दुसरंच तोंडातून निघालं.

"मी फोन देत नव्हते तिच्याकडे. झोपलेली नसायचीच ती. आठ वाजता कुठली झोपते?"

"माहीत आहे," मावशी म्हणाली. "मागे दंगा ऐकू यायचा की."

भिंगरीनं पाण्यातून पाय काढला, घातला, काढला.

"सुट्टी लागली की हिला घेऊन जा," आत्या म्हणाली. "सगळी सुट्टी. दंड धरून बसू दे तुझा."

"आणि दुसरं तिकीट?"

"दुसऱ्या तिकिटावर आत्याला ने!" भिंगरी म्हणाली. "तिचे केस काप. बघ ना कसे आहेत."

"फुलोऱ्यात मी जागची हलत नाही," आत्या म्हणाली.

"नकोच हलूस," मावशी उठत म्हणाली. "मलाही कुठे हलता येतंय? त्या काकांची कंबर बरी होईपर्यंत हे टोक धरणार कोण? दुकानाला कळवते, मालकीणबाई शेतात अडकल्यात म्हणून."

आणि ती चपला तिथेच टाकून, अनवाणीच, पलीकडच्या बांधावर गेली. सापाची आठवण तिला मध्यावर झाली असावी, कारण तिथून पुढे ती जरा उड्या मारत गेली. भिंगरी मागून तशाच उड्या मारत निघाली. दोघींची उडी हुबेहूब एकसारखी होती. आत्यानं ते बघितलं, आणि आज पहिल्यांदाच असं साम्य बघताना तिला कुठे दुखलं नाही.

"धरलंस?" तिनं विचारलं.

"धरलंय!"

दोघींनी पाऊल उचललं. हिचं पाऊल, तिचं पाऊल. अर्ध्या खाचरात गेल्यावर भिंगरीला एकदम इकडच्या बांधावर यावंसं वाटलं. मधल्या चिंचोळ्या वाटेनं ती सुसाट निघाली, डोकं पुढे करून, दोरीकडे न बघता.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दोन्ही टोकं एकदमच वर उचलली गेली, आणि पोर खालून निघून गेली, केसांत पराग घेऊन.